उलट येताना

मी नदीकाठची पायवाट बोलतेय. डोंगरातल्या झऱ्यापासून थेट समुद्रापर्यंत नदीचा काठ धरून जाते. मला कुणी बांधलं नाही, गुरांनी आणि माणसांनी तुडवून तुडवून घडवलं. हल्ली हौशी लोक पाठीवर बोचकी घेऊन येतात आणि चालता चालता घरच्यांची उणीदुणी काढतात. सगळं ऐकते हो मी!

माझ्या खांबांवर पिवळे बाण आहेत. रंगारी ते रंगवत समुद्राकडे चालत जातो आणि बसने परततो. त्यामुळे बाण फक्त जाणाऱ्याला दिसतात. येणाऱ्यासमोर नुसतं कोरं लाकूड. उलट येतंच कोण म्हणा!

परवा दोघं आली. आजारातून नुकते उठलेले वडील, सोबत भरभर चालणारी मुलगी. पुढच्या धक्क्यावरची शेवटची होडी चुकेल म्हणून ती थांबवायला मुलगी पुढे पळाली. तुम्ही सावकाश या, म्हणाली. ती दिसेनाशी झाली आणि औषधांची पिशवी मागच्या बाकावर राहिल्याचं वडिलांच्या लक्षात आलं. ते माघारी वळले.

एका खांबापाशी मला दुसरी वाट येऊन मिळते. उलट येणाऱ्याला तिथे दोन फाटे दिसतात. मी अरुंद, चढाची. ती रुंद, पण खाली चिखलात जाते आणि भरतीला बुडते. खांबावर काहीच दिसेना, तेव्हा हे रुंद वाटेने उतरले. अहो, तिकडे नका! माझा जीव नुसता तुटत होता, पण मला तोंड कुठे आहे?

इकडे होडीवाला कुरकुरत होता आणि वडील काही येईनात. मुलगी धावत मागे आली. खांबापाशी थबकली, पलीकडे जाऊन बाण बघितला आणि पांढरीफटक पडली. बाबांनाही तो दिसला नसणार, ते रुंद वाटेनेच उतरले असणार, हे तिला कळलं. ती चिखलाकडे धावली.

वडील कमरेएवढ्या पाण्यात होते, एका खुंटाला घट्ट धरून. पाणी चढतच होतं. ती तशीच आत शिरली, त्यांचा हात खांद्यावर घेतला आणि पाऊल पाऊल चाचपत त्यांना काठावर आणलं.

"मला वाटलं, तू गेलीस पुढे," ते म्हणाले.

"गेलेच होते, बाबा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

होडी निघून गेली होती. दोघं पिशवी घ्यायला बाकाकडे निघाली, तेव्हा ती त्यांच्या मागे चालत होती.

रंगारी अजूनही बसनेच परततो. तुम्ही माझ्याकडे जरूर या. पण सोबत कुणी हळू चालणारं असेल, तर त्याला पुढे चालू द्या. मला हाक मारता येत नाही हो.