तांब्याच्या खोलीला निळा रंग

मंत्री येणार म्हटलं की सरकारी कचेऱ्यांच्या अंगात येतं. जे जागचं हलत नाही त्याला रंग फासून मोकळे होतात. अठ्ठ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात चंद्रपूरबाहेरच्या त्या पशुसंशोधन केंद्रातही हेच झालं. झाडांचे बुंधे गेरू-चुन्यानं नटले, वाटेकडेचे दगड पांढरे झाले, हापशीसुद्धा हिरवीगार झाली. केंद्रातली इंजिनिअर वच्छला रामटेके पोंभुर्ण्याला चुलतबहिणीचं लग्न आटोपून शुक्रवारी कामावर आली, तर तिच्या तांब्याच्या खोलीचं दार निळंशार चकाकत होतं. तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

ती खोली साधी नव्हती. आत चुंबकाचं मोठं यंत्र होतं. गुंगी दिलेलं जनावर त्यात ठेवलं की न कापता त्याच्या डोक्याच्या आतलं चित्र बाहेरच्या पडद्यावर उमटे. पण जनावराच्या अंगातून येणारा इशारा इतका नाजूक, की बाहेरची रेडिओची लहर आत शिरली तर सगळा खेळ बिघडायचा. म्हणून भिंती, छत, जमीन, सगळीकडे तांब्याचा पत्रा. वच्छलानं महिनोन्‌महिने उभं राहून एकेक जोड झाळून घेतला होता. दाराच्या कडांना तांब्याच्या लवचिक पट्ट्या होत्या. दार लागलं की त्या चौकटीच्या उघड्या तांब्याला घट्ट चिकटत आणि खोली डब्यासारखी बंद होई. आता पट्ट्यांवर आणि चौकटीवर ऑइल पेंटचे दोन-दोन हात चढले होते. तांब्याला तांबं लागतच नव्हतं. दार बंद असलं तरी रेडिओला ते उघडंच होतं.

तिनं संचालक बिडवईसाहेबांना हे समजावून सांगितलं आणि कडांचा रंग खरवडायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, मंत्री त्याच दाराला हात लावून उद्घाटन करणार, तिथे ओरखडे दिसता कामा नयेत. त्या दिवशी आसपास कुठे वायरलेस चालू नव्हता, त्यामुळे चाचणीचं चित्र बरं आलं आणि साहेबांचं फावलं. जवळपास कुणी वायरलेसवर बोललं तर चित्राची माती होईल, असं ती पुन्हा बजावू लागली, तेव्हा ते फाईलमधून डोकं न काढता म्हणाले, ‘‘तुमच्या लोकांना प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते.’’

तुमच्या लोकांना! कोणत्या लोकांना, हे वच्छलाला विचारायची गरज नव्हती. बल्लारपूरच्या कागद गिरणीत वडील वामनराव पाळ्या करत राबले, तेव्हा ती इंजिनिअर झाली होती. या केंद्रात तिची पदवी कुणाला आठवत नसे, जात मात्र सगळ्यांच्या ध्यानात असे. ती तशीच मागे फिरली, आणि रात्रभर स्वतःवरच चडफडत राहिली.

शनिवारी अंजनाबाई बकरी घेऊन आली. बकरी महिनाभर एकाच जागी गरगर फिरत होती. मेंदूत किड्याची पाण्यानं भरलेली गाठ झाली की बकऱ्यांचं असं होतं. चित्रात गाठीची जागा दिसली की डॉक्टर मोहुर्ले नेमकं तिथेच कवटीला भोक पाडून ती काढणार होते. जागा चुकली तर बकरी संपली.

‘‘बाई, दिसन ना किडा? नाई त डोस्कं उगाच फोडतीन तिचं,’’ अंजनाबाईनं विचारलं.

‘‘दिसन, मावशी,’’ वच्छला म्हणाली, आणि आपण खोटं तर बोललो नाही ना, असा प्रश्न तिला पडला.

मंत्री आले. सोबत पोलिसांची वायरलेसची जीप आली आणि थेट भिंतीला लागून उभी राहिली. पडद्यावर बकरीचं डोकं उमटलं, पण त्यावर तिरप्या पट्ट्यांचं जाळंच जाळं. बिडवईसाहेबांनी एका पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. ‘‘ही बघा गाठ. डाव्या बाजूला.’’ टाळ्या पडल्या. मोहुर्ल्यांनी डावीकडचे केस भादरायला सांगितले.

वच्छलानं तेच चित्र पुन्हा घेऊन पाहिलं, तर डाग भलतीकडेच सरकलेला. म्हणजे ती गाठ नव्हती, जीपवाल्यांची बडबड होती. तिनं साहेबांना हळूच तसं सांगितलं आणि जीप लांब न्यायला विनवलं. बंदोबस्ताचा अधिकारी म्हणाला, गाडी हलणार नाही. साहेब म्हणाले, नंतर बघू. नंतर काय बघणार? मेलेली बकरी?

मग तिचा संयम सुटला. यंत्राजवळ लोखंड चालत नाही म्हणून तिनं पितळेची पट्टी घेतली आणि सगळ्यांसमोर चौकट खरवडायला लागली. निळ्या कपच्या मंत्र्यांच्या पांढऱ्या चपलांवर पडल्या. साहेबांनी तिला दोनदा नावानं हाक मारली.

‘‘साहेब, ही बकरी जिवंत आहे,’’ ती मागे न बघता म्हणाली. ‘‘तुम्ही दाखवलेली गाठ तिच्या डोक्यात नाही.’’

मंत्री चहाला गेले. ते परत येईस्तोवर चौकट आणि पट्ट्या उघड्या झाल्या होत्या. दार लागलं. जीपमधलं बोलणं चालूच होतं, पण चित्रात एकही पट्टी उमटली नाही. गाठ उजव्या बाजूला, मागे, बोराएवढी गोल. मोहुर्ल्यांनी उजवीकडून ती काढली.

आणि साहेबांनी काय करावं? ‘‘आधी मुद्दाम बिघडवून दाखवलं, सर, फरक कळावा म्हणून,’’ असं त्यांनी मंत्र्यांना बेधडक सांगितलं. मंत्र्यांनी त्यांची पाठ थोपटली. मोहुर्ल्यांना सगळं ठाऊक होतं, पण ते हात धूत राहिले. सोमवारी वच्छलालाच विचारणा झाली, सरकारी रंगकामाचं नुकसान कुणाच्या हुकमानं केलं म्हणून. एवढा निर्लज्जपणा तिनं आजवर पाहिला नव्हता.

बकरी बरी झाली. तिला घरी न्यायच्या दिवशी साहेबांनी पेपरचा फोटोवाला बोलावून ठेवला होता. दोरी स्वतःच्या हातात धरून त्यांनी अंजनाबाईला शेजारी उभं केलं आणि केंद्राबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. वच्छला मागे दाराशी उभी होती. अंजनाबाईनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या हातातली दोरी काढून घेतली.

‘‘मी तिथीच उभी होती, साहेब,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी बोट ठेवलं तिथी कापलं असतं त मी आज बकरी नाई, मटन घेऊन घरी गेली असती. फोटो त्या बाईचा काढा.’’