डिंकाने चिकटवलेलं पोट

लुशोटोच्या संग्रहालयात झुबेरीने तो खोका पुन्हा उघडला आणि पुन्हा मिटला. आत चार पतंग होते. त्याच्या बायकोने, टाबियाने, मगांबाच्या जंगलात पकडलेले आणि तिनेच टाचण्यांवर पंख पसरून लावलेले. मागचे पंख नेहमीच्या डोंगरी पतंगापेक्षा काळसर. ही नवी उपजात, असं तिचं म्हणणं. ते खरं ठरलं तर उपजातीला तिचंच नाव द्यायचं त्याने ठरवलं होतं. पण त्यासाठी नराचं पोट तोडायचं, कास्टिक सोड्यात उकळायचं आणि आतल्या जननेंद्रियाचा हुकासारखा आकडा पाहायचा; उपजात त्यावरूनच ठरते. नर एकच होता. टाबिया गेल्यापासून त्याला हात लावणं झुबेरीला जमलं नव्हतं.

"शेमेजी, आज तरी तोडणार, की त्याच्याशी लग्न लावायचंय?" समोरच्या टेबलावरून नाएली म्हणाली. ती टाबियाची धाकटी बहीण. शेमेजी म्हणजे भाऊजी; त्यांची थट्टा करायचा मेहुणीचा हक्क तिने मातीच्या दिवशीही सोडला नव्हता.

"मोडलं तर?"

"मोडायचंच आहे की. घ्या चिमटा."

त्याने पोट खालून हलकेच उचललं. ते तुटलं. उकळून, साफ करून त्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, पाहिलं आणि पुन्हा पाहिलं.

"काय झालं?"

"पोट मादीचं आहे."

"काहीतरीच. मिशा कंगव्यासारख्या आहेत. नरच तो."

"पतंग नर आहे. पोट मादीचं."

नाएलीने तुटलेली जागा पाहिली. तिथे वाळलेल्या डिंकाचा ठिपका होता. सुकलेल्या पतंगांची पोटं गळतात, मग ती डिंकाने चिकटवतात. टाबियाच्या हातून दोन गळली असणार आणि अदलाबदल झाली असणार.

"अगं ताई!" नाएली हसत सुटली. "नवऱ्याचं बायकोला लावलंस!"

"आणि मला सांगायची, नीट बघून चिकटवा!" झुबेरी म्हणाला. बायको गेल्यापासून तो पहिल्यांदाच तिच्यावर चिडला होता.

माद्यांपैकी एकीच्याच पोटाशी डिंक सापडला. ते नराचं निघालं. त्यातला आकडा नेहमीपेक्षा आखूड, टोकाला दुभंगलेला. टाबियाचं म्हणणं खरं होतं.

झुबेरी वर्णन लिहायला बसला. नाव लिहिलं, मापं लिहिली, मग थांबला.

"डिंकाचं लिहू?"

"कशाला? पतंग तिच्या नावाचा, आणि त्यातच तिची चूक?"

"नाही लिहिलं तर उद्या कुणीतरी डिंक बघेल आणि विचारेल, हे पोट कुणाचं? मग नावावरच शंका घेतील."

नाएलीने डिंकाचा ठिपका पुन्हा पाहिला. "लिहा मग. तुमची चूक असती तर तिने लिहिलीच असती. शिवाय त्याखाली रेघही मारली असती."

त्याने लिहिलं: दोन पोटं चिकटवताना टाबियाकडून अदलाबदल झाली होती, ती दुरुस्त केली आहे.

तपासलेलं पोट परत चिकटवत नाहीत. झुबेरीने नराचं पोट ग्लिसरीनच्या बारीक शिशीत घातलं आणि शिशी नराच्याच टाचणीवर, पतंगाच्या खाली, खोचली.