कथेच्या वर्गातली कुरकुरणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. वेताच्या बैठकीची, दोन हातांची, आणि खरं सांगायचं तर थोडी कुरकुरी. माझ्यावर कुणी जरा हललं तरी मी आवाज करते. या सवयीमुळे लोकांनी मला नावं ठेवली आणि तिच्यामुळेच माझं भाग्यही उजळलं. ते कसं, ते आज तुम्हांला सांगते.

विद्यापीठाच्या आवारात एक सुतारशाळा होती. तिथल्या सुतारकाकांनी एका मोडीत निघालेल्या दाराच्या लाकडातून मला घडवलं. दाराचं लाकूड उन्हापावसात मुरलेलं असतं, ते सहसा वाकत नाही. काकांनी माझे हात पॉलिश पेपरने घासघासून असे गुळगुळीत केले की त्यांच्याच हातून पाण्याचा पेला त्यावरून घसरला. मग हसून ते म्हणाले, "आता झाली माणसात बसण्यासारखी."

माणसात बसले खरी. आधी मला विभागप्रमुखांच्या खोलीत ठेवलं. विभागप्रमुख म्हणजे साहित्य शिकवणाऱ्या सगळ्या प्राध्यापकांचे मुख्य. त्यांना सगळे 'सर' म्हणत. सरांना शांतता लागे. ते पान उलटायला जरी वळले तरी मी कुरकुर करायची. त्यांनी माझ्या सांध्यांत तेल घातलं, पायांखाली पुठ्ठे सारले, पण काही उपयोग झाला नाही. शेवटी वैतागून त्यांनी मला व्हरांड्यात काढलं.

तिथे मला बाईंनी पाहिलं. बाई त्याच विभागात कथालेखनाचा वर्ग घेत. गोष्ट कशी रचायची, कुणाच्या तोंडून सांगायची, काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे त्या शिकवत. त्या माझ्यावर बसल्या, एकदा डावीकडे झुकल्या, एकदा उजवीकडे. मी दोन्ही वेळा कुरकुरले. बाई खूश झाल्या. "हीच हवी होती मला," त्या म्हणाल्या.

बाईंच्या वर्गाचा एक नियम होता. ज्याची गोष्ट त्या दिवशी वाचली जाई, त्याने माझ्यावर बसायचं. आपली गोष्ट मोठ्याने वाचायची आणि मग हाताची घडी, तोंडावर बोट. बाकीचे बोलणार आणि लिहिणारा फक्त ऐकणार. त्याने 'माझ्या मनात असं होतं' असं म्हणायचं नाही. बाई म्हणायच्या, "उद्या तुमचं पुस्तक कुणी तरी घरी बसून वाचेल. तिथे जाऊन तुम्ही त्याच्या कानात समजावून सांगणार आहात का?" लिहिणारा अस्वस्थ होऊन हलला की मी कुरकुरायची, आणि वर्गाला कळायचं की बाण बरोबर लागला.

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. किती जणांचे तळहात माझ्या हातांवर घामेजले, किती जणांच्या टाचा माझ्या पायांवर आपटल्या. वर्गात एक उंच मुलगा होता. त्याच्या गोष्टीतला नायक जिना उतरायलाच चार पानं घ्यायचा. सगळे त्याला 'पाल्हाळ' म्हणत. त्याच्या वाचनाच्या वेळी मी इतकी कुरकुरायची की बाई म्हणाल्या, "बाबा रे, खुर्चीसुद्धा कंटाळली. उतरव त्याला आता खाली." पाल्हाळ स्वतःच सगळ्यांत जास्त हसला. पुढच्या वेळी त्याचा नायक थेट अंगणात होता, आणि गोष्ट फक्कड जमली होती.

अशा वर्गात एके दिवशी ताई आली. तिचं वय बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त होतं, म्हणून सगळ्यांची ती ताई झाली. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायची आणि संध्याकाळी वर्गाला यायची. माझ्यावर बसली की तिचा अंगठा माझ्या हातावर गोल गोल फिरायचा, जणू तिथेही काच आहे.

तिची पहिली गोष्ट तिच्या घरातली होती. तिचे बाबा शिंपी होते. ती लहान असताना तिची आई दवाखान्यात वारली. बाबा दवाखान्यातून घरी आले आणि कुणाशी काही न बोलता मशीनवर बसले. एका गिऱ्हाइकाचा कोट अर्धा राहिला होता, तो शिवत बसले. बराच वेळ मशीनची खडखड चालू होती. मुलांना आई गेल्याचं नंतर कळलं. ताईचा दादा हे कधीच विसरला नाही. "आई गेली आणि यांना कोट सुचला," असं म्हणत तो मोठा झाला, आणि मोठा झाल्यावर घर सोडून गेला. बाबा वारले तेव्हाही तो आला नाही.

ताईने हे सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं. वाचून झालं. मग पाल्हाळ चाचरत म्हणाला, "ताई, राग नको मानूस. हा बाप मला पुठ्ठ्याचा वाटतो. एवढा निर्दय माणूस पटत नाही."

"पण हे खरंच घडलंय," ताई म्हणाली. नियम मोडला गेला होता. मी जोरात कुरकुरले.

बाई तिला रागावल्या नाहीत. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घडलं असेल. पण कागदावर ते अजून घडलेलं नाही. तुझे बाबा त्या वेळी काय विचार करत होते?"

"मला काय माहीत? ते कधी बोललेच नाहीत."

"मग शोध."

"आता कुणाला विचारू? ते तर नाहीत."

"म्हणूनच तर गोष्ट लिहायची," बाई म्हणाल्या.

ताई उठली. जाताना तिने कागद गोळा केले, पण त्यांतला एक खाली पडला तो तिने उचललाही नाही. त्यानंतर पुष्कळ दिवस ती वर्गाला फिरकली नाही. माझ्यावर दुसरे बसत होते, वाचत होते, पण माझं लक्ष दाराकडे होतं.

त्याच सुमारास माझेही दिवस फिरले. विभागात चाकांच्या नव्या खुर्च्या आल्या. काळ्या, चकचकीत आणि मुक्या. माझी वेताची बैठक तोवर मधोमध फाटली होती. कुणीतरी मला उचलून जिन्याखाली ठेवलं. माझ्यावर जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आले, गठ्ठ्यांवर धूळ आली, आणि एका कोळ्याने माझ्या पायांमध्ये संसार थाटला. ज्या खुर्चीने एवढ्या गोष्टी ऐकल्या तिच्या कानी आता फक्त जिन्यावरच्या चपला पडत होत्या.

आणि एका संध्याकाळी त्यांतली एक जोडी थांबली. ताई होती. तिने गठ्ठे खाली ठेवले, ओढणीने धूळ पुसली, आणि फाटक्या जागेवर पुठ्ठा टाकून ती माझ्यावर बसली. वर्ग सुरू व्हायला वेळ होता. पिशवीतून तिने कागद काढले आणि हळू आवाजात वाचू लागली.

मित्रांनो, मग तो तिचा नेमच झाला. "नव्या खुर्च्या घसरतात," असं ती विभागाच्या शिपाईमामांना सांगायची, आणि वर्गाआधी माझ्याकडे यायची. शिपाईमामाही समजूतदार. त्यांनी तिच्यासाठी तिथे एक दिवा लावून दिला. तीच एक घटना ताई पुन्हा पुन्हा लिहीत होती. कधी लहान मुलीच्या डोळ्यांनी. कधी कोट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी. कधी शेजारणीच्या. लिहायची, वाचायची, मान हलवायची आणि फुली मारायची. एकदा तिने चांगला जमलेला प्रसंग सबंध काढून टाकला. मला हळहळ वाटली. ती मात्र स्वतःशी म्हणाली, "छान आहे, पण बाबांचा नाही, माझा आहे."

हळूहळू त्या गोष्टीची कादंबरी झाली. बाईंनी ठरवलं की ताईने ही कादंबरीच प्रबंध म्हणून द्यायची. प्रबंध म्हणजे सगळ्यांत मोठ्या पदवीसाठी लिहिलेला अभ्यास. आमच्या विद्यापीठात तोवर लोक दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांवर प्रबंध लिहीत. स्वतःची कादंबरी कुणी दिली नव्हती. सरांनी कपाळाला हात लावला.

जिन्यातच त्यांचं आणि बाईंचं बोलणं झालं. "गोष्टी रचणं ही देणगी असते, बाई. ती शिकवता येत नाही आणि तिची परीक्षाही घेता येत नाही," सर म्हणाले.

"गाणं शिकवतात, चित्रं शिकवतात. गोष्टीनेच काय घोडं मारलंय?" बाई म्हणाल्या.

"ठीक आहे. घ्या परीक्षा. पण प्रबंध नापास झाला तर हा वर्गही बंद होईल. मग माझ्याकडे येऊ नका."

ताईपुढे आणखी एक संकट होतं. दादाला बातमी लागली होती. तो मोटारींचं गॅरेज चालवत असे. दोघांचं बोलणं नव्हतंच, पण त्याने मुद्दाम फोन करून सांगितलं, "घरचं धुणं चव्हाट्यावर धुवू नकोस. त्या माणसाला मोठं करायला निघालीस तर मी सगळ्यांसमोर खरं सांगेन." ताईने हे बाईंना सांगितलं तेव्हा ती माझ्यावरच बसली होती. तिचा अंगठा थांबला होता. "थांबायचं का?" बाईंनी विचारलं. ताईने मांडीवरचे कागद सारखे केले. मग म्हणाली, "नाही. पुस्तक पूर्ण झालंय. आता ते त्यालाही ऐकू दे."

तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शिपाईमामांनी मला वेत विणणाऱ्याकडे नेलं. नवी बैठक मिळाली, सांधे आवळले गेले, पॉलिश झालं. "ताई हिच्यावरच बसणार," एवढंच त्यांनी सरांना सांगितलं. सरांनी माझ्याकडे पाहून सुस्कारा टाकला.

तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते. त्या सकाळी दालन खचाखच भरलं. जुने विद्यार्थी आले होते. पाल्हाळ तर आता वर्तमानपत्रात काम करत होता आणि, म्हणे, सगळ्यांत छोट्या बातम्या लिहीत होता. शेवटच्या रांगेत एक रुंद खांद्यांचा माणूस हाताची घडी घालून बसला होता. त्याच्या नखांत वंगणाचा काळा रंग होता. ताई माझ्यावर बसली, तिने त्याला पाहिलं, आणि माझे दोन्ही हात घट्ट धरले.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक वयस्क होते, काटेकोर होते. त्यांनी चष्मा काढला. "लिखाण सुरेख आहे. पण प्रबंधात काहीतरी नवीन शोधून काढावं लागतं. तुम्ही गोष्ट लिहिली आहे. यात शोध कुठला?"

मित्रांनो, एवढी वर्षं माझ्यावर बसणाऱ्याने गप्प बसायचं असा नियम होता. आज पहिल्यांदाच बोलायचं होतं. ताईने प्रबंध उघडला.

"एक पान वाचू का?" तिने विचारलं. परीक्षकांनी मान डोलावली.

तिने तोच प्रसंग वाचला. शिंपी दवाखान्यातून घरी येतो. आतल्या खोलीत मुलं जेवत असतात. मुलगा बहिणीला आईची नक्कल करून दाखवत असतो आणि दोघं खिदळत असतात. बाप उंबऱ्यात थांबतो. आत जाऊन तोंड उघडलं की यांचं हसणं संपणार, हे त्याला कळतं. म्हणून तो मशीनवर बसतो. मशीन चालू आहे तोवर बाबा कामात आहेत आणि आई दवाखान्यात आहे. तो बाही जोडतो. जोडून झाल्यावर ती उसवतो आणि पुन्हा जोडतो. कोट कधीच पुरा झालेला असतो. मुलांचं जेवण मात्र अजून व्हायचं असतं.

वाचून झालं.

"हे खरं आहे की रचलेलं?" परीक्षकांनी विचारलं.

"मशीन चालू होतं हे खरं," ताई म्हणाली. "आम्ही जेवत होतो हेही खरं. बाही उसवली, हे मी रचलं. पण त्याआधी इतकी वर्षं 'बाबांनी काय केलं' एवढंच मला माहीत होतं. 'का केलं' हे मी कधी विचारलंच नव्हतं. गोष्ट लिहायला घेतली, ती जमेना, म्हणून विचारावं लागलं. मुलीच्या डोळ्यांनी लिहिलं तेव्हा राग दिसला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी लिहिलं तेव्हा कोट दिसला. बाबांच्या डोळ्यांनी लिहिलं तेव्हा आम्ही दोघं दिसलो. माझा शोध एवढाच आहे."

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दादा उभा राहिला होता. माझ्यावर बसलेली ताई इतकी ताठ झाली की मला कुरकुरताही आलं नाही.

"मी हिचा भाऊ," तो म्हणाला. "मी भांडायला आलो होतो. त्या दिवशी मी पाणी प्यायला उठलो होतो आणि दारातून मला त्यांची पाठ दिसली होती. आजपर्यंत मी ती पाठच बघत होतो." त्याने ताईकडे पाहिलं. "तोंड आज दिसलं."

तो बसला नाही. पुढे चालत आला आणि ताईच्या शेजारी येऊन उभा राहिला. आपला वंगणाने काळवंडलेला हात त्याने माझ्या हातावर असलेल्या ताईच्या हातावर ठेवला. परीक्षक बराच वेळ चष्मा पुसत होते. मग त्यांनी तो घातला आणि म्हणाले, "माझे प्रश्न संपले. प्रबंध मंजूर करावा, अशी माझी शिफारस आहे. आणि छापावा, अशी विनंती."

मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो मी जन्मात विसरणार नाही. पाल्हाळ बाकावर चढला होता. शिपाईमामा दारात उभे राहून दोन्ही हातांनी डोळे पुसत होते. सरांनी आधी बाईंचा हात हातात घेतला, मग माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी वर्गाला मोठी खोली लागेल," ते म्हणाले, "आणि ही खुर्ची तिथेच राहू दे."

पुस्तक छापून आलं तेव्हा ताई आणि दादा दोघं मिळून ते बाईंना द्यायला आले. आता ताई स्वतः त्या वर्गाला शिकवते. मीही तिथेच आहे, खिडकीजवळ, मानाने.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. जुनी वस्तू कुरकुरली म्हणून तिला लगेच जिन्याखाली टाकू नका. एखादा खिळा, थोडा वेत, एवढ्यानेही ती उभी राहते. माझ्या मागच्या दोन पायांवर झोके घेऊ नका, तुम्हीही पडाल आणि मीही. आणि कुणी तुमच्यासमोर आपली गोष्ट घेऊन बसलं, तर त्याला मध्येच तोडू नका. ती कच्ची असेल, अडखळत असेल, तरी शेवटपर्यंत ऐका आणि मग जे वाटलं ते खरं खरं सांगा. यापेक्षा मोठी भेट त्याला कुणी देऊ शकत नाही.

बास, आता मला गप्प बसायला हवं. एक नवी मुलगी माझ्यावर येऊन बसली आहे. तिचे पाय जमिनीला नीट टेकतही नाहीत, पण कागद तिने घट्ट धरलेत. ती वाचायला लागली आहे.

ऐका.