एकाच हाताचा घोडा

खच्ची केलेल्या म्हाताऱ्या घोड्याच्या मूत्रांगावरची कातडीची पिशवी धुऊन आतला मळाचा खडा काढायचं काम तबेल्यात एकटा साईस करी. आपल्यावाचून तबेल्याचं अडलंच पाहिजे, म्हणून बारा वर्षं त्याने तिथे दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. आता त्याची लेक त्याला कायमचं राहायला बोलावत होती.

"नव्या माणसाला शिकवा नि खुशाल जा," मालकीणबाई म्हणाल्या.

नवा माणूस कोमट पाणी घेऊन वाकला आणि लाथ चुकवत भिंतीला चिकटला. महिन्यातली ही तिसरी खेप. शेवटी साइसानेच बाह्या सरसावल्या. त्याचा हात लागताच घोड्याने डोळे मिटले.

"किती जीव आहे हो तुमच्यावर!" बाई कौतुकाने म्हणाल्या.

"मेल्या," साईस पोटाखालून पुटपुटला, "एक लाथ मलाही मार की रे."