सँडरलिंगचा हिवाळा

मार्लिस लाहती बापाच्या मरीनावर, म्हणजे बोटी ठेवायच्या छोट्या बंदरावर, परत आली ती एका उन्हाळ्यापुरती. म्हातारा वाइनो बर्फाळ धक्क्यावरून घसरला होता, कमरेचं हाड मोडलं होतं, आणि आई तर केव्हाच गेलेली. डलुथच्या ज्या दातांच्या दवाखान्यात ती काम करायची तिथून तिने रजा घेतली. खोलीतल्या झाडांच्या कुंड्या शेजारणीकडे ठेवल्या. "सप्टेंबरात बोटी वर काढल्या की आलेच," असं तिला सांगून ती निघाली.

त्याला आता नऊ वर्षं होत आली होती. झाडं शेजारणीचीच झाली.

तिला कोणी बांधून ठेवलं होतं असं नाही. पण मरीनाचं काम कधी संपत नाही, ते नुसतं कूस बदलतं. मे महिन्यात सुपीरियर सरोवरावरचा बर्फ फुटून वाऱ्याबरोबर बाहेर गेला की पट्ट्यांच्या क्रेनने एकेक बोट पाण्यात सोडायची. मग उन्हाळाभर डिझेल भरा, तुंबलेले संडास उपसा, शिकागोहून आलेल्या लोकांचे गुंतलेले दोर सोडवा. पानं लाल होऊ लागली की तीच क्रेन, त्याच बोटी, फक्त आता पाण्यातून वर. इंजिनातलं पाणी काढून न गोठणारं अँटीफ्रीझ भरायचं, बोटीवर पांढरं प्लास्टिक टाकून ते गॅसच्या ज्योतीने तापवत ताणून घ्यायचं. आणि हिवाळ्यात चिटपाखरू नसताना बबलर राखायचे. हे बबलर म्हणजे धक्क्याच्या लाकडी खांबांशी पाणी खळखळत ठेवणारे पंखे. ते बंद पडले की बर्फ खांबाला धरतो आणि पाणी चढलं की दात उपटावा तसा खांब उपटून काढतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ जाऊन बघायचं. दोन दिवस कुठे जायचं म्हटलं तरी जीव टांगणीला.

आर्लन प्रुइट त्या नवव्या वर्षी जूनमध्ये आला. ओहायो नदीवर मालवाहू बोटी चालवण्यात त्याची हयात गेली होती. आता निवृत्त होऊन 'सँडरलिंग' नावाची एक जुनी शिडाची बोट घेऊन तो एकटाच हिंडत होता. दोन दिवस थांबतो म्हणाला आणि उन्हाळा काढला. मार्लिस त्याच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसलेली असताना त्याने वरून विचारलं, "खाली येतेस?"

"खालीच आहे की. अजून कुठे खाली?"

"दक्षिणेला. शिकागोपर्यंत सरोवरांतून, मग नदीनदीने थेट समुद्राला. हिवाळा तिकडेच काढायचा."

"आणि माझं काम काय? स्वयंपाक?"

"नको बाई. तुझ्या हातची कॉफी प्यायलोय मी. तू इंजिन बघ, चूल मी सांभाळतो."

ती हसली आणि पाना मागितला. पण संध्याकाळी बोटींचे दोर तपासत धक्क्यावरून चालताना तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात कपडे भरतोय. त्यात आर्लनची ओढ किती आणि इथून निघण्याची किती, हे तिने स्वतःला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याला हो सांगितलं.

बापाला तिने जेवताना सांगितलं. वाइनोने माशाच्या सूपमधला चमचा खाली ठेवला.

"म्हणजे हिवाळाभर?"

"हो पा. वेस येऊन राहील तुझ्याजवळ. बोललेय मी त्याच्याशी." वेस तिचा चुलतभाऊ, रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवरून नुकताच निवृत्त झालेला.

"वेस! त्याला उकडलेलं अंडं सोलता येत नाही."

"तुला येतं ना? मग तू सोल."

म्हातारा हसला. ब्रेडने वाटी पुसून घेतली. एवढ्यावर निभावलं म्हणून मार्लिसला हायसं वाटलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर निघायचं ठरलं होतं, पण वारा फिरला. वायव्येकडून एकामागून एक वादळं येत राहिली. लाटा बंदराच्या तोंडातून आत शिरू लागल्या. सँडरलिंग धक्क्यावर आपटेल म्हणून मार्लिसने ती क्रेनने उचलून जमिनीवर टेकूंवर ठेवली. वारा पडला की पुन्हा पाण्यात सोडायची आणि त्याच दिवशी निघायचं. इंजिनातलं पाणी तिने काढलं नाही, कारण आज-उद्या निघायचंच होतं. त्याऐवजी इंजिनाशेजारी एक छोटा हीटर लावला आणि त्याची तार किनाऱ्यावरच्या विजेच्या खांबाला जोडली. आर्लन मरीनाच्या दुकानावरच्या खोलीत झोपायला आला.

नोव्हेंबर लागला तसा वारा एकाएकी थांबला आणि आभाळ स्वच्छ झालं. त्या भागात आभाळ असं निवळलं की थंडी कडाडते. सकाळी मार्लिस बाहेर आली तर पाणी काचेसारखं स्थिर. आज निघायचं, या विचाराने ती जवळजवळ पळतच बोटीकडे गेली.

तार खांबापासून निघून खाली पडली होती.

शिडीवरून चढून तिने इंजिनाचं झाकण उघडलं. हीटर थंडगार. इंजिनाच्या कुशीत एक चीर गेली होती, आत बोटाचं नख जाईल एवढी. आतलं पाणी गोठून फुगलं होतं आणि लोखंड तडकलं होतं.

ती खाली उतरली. जमिनीवर आदल्या संध्याकाळचं भुरभुरलेलं पातळ हिम होतं. त्यात घराकडून विजेच्या खांबापर्यंत पावलं उमटली होती आणि परत घरापर्यंत. एक पाय नीट पडलेला, एक ओढलेला, आणि बाजूला बारीक गोल भोक. बापाच्या काठीला बर्फासाठी खिळा तिनेच बसवून दिला होता.

वरच्या खोलीचं दार वाजलं. आर्लन दोन कप घेऊन जिन्यावरून उतरत होता. मार्लिसने काही विचार केला नाही. बुटाने तिने ते हिम इकडेतिकडे फरपटवलं, खांबापासून कोपऱ्यापर्यंत, जणू काही शोधतेय.

"काय झालं?" आर्लनने विचारलं.

"तार निसटली. ती खोबण सैलच आहे. मी बांधून ठेवायला हवी होती." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "इंजिन गेलं, आर्लन."

तो वर जाऊन पाहून आला. शिडीच्या पायरीवर बसला आणि तिचा कप तिच्या हातात दिला. मग म्हणाला, "होतं असं. तुझा काही दोष नाही."

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरात वाइनो खिडकीशी बसला होता.

"तू काढलीस," मार्लिस म्हणाली.

"काढली."

"का?"

म्हातारा टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करत राहिला. "तो वेस बहिरा आहे. मी पडलो तर हाक कुणाला मारू?"

"हे मला सांगायचं होतंस! तोंड नाही तुला?"

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

तिने नजर खिडकीबाहेर, टेकूंवरच्या बोटीकडे वळवली. त्याने मान डोलावली, जणू हिशेब बरोबर निघाला. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलायची बंद झाली.

आर्लन आठवडाभर थांबला आणि ओहायोला मुलीकडे गेला. एप्रिलमध्ये दुसरं इंजिन घेऊन येतो म्हणाला. मार्लिसने सँडरलिंगवर पांढरं प्लास्टिक चढवलं, ज्योतीने ताणून घेतलं. आता रोज बबलर बघायला जाताना त्या बोटीजवळूनच जावं लागायचं.

त्या हिवाळ्यात घरात भांड्यांचा आवाज तेवढा होता. ती बापाला कॉफी द्यायची, मोजे चढवायची, गोळ्या हातावर ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. सुरुवातीला त्याने टोमणे मारून पाहिले. "वा, लाहतींच्या घरात शेवटी शांतता आली!" नंतर तोही थकला. बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढला. रस्ता बंद व्हायचा, उघडायचा, पुन्हा बंद व्हायचा. रस्ता उघडला की वेस डोकवायचा आणि ओरडून विचारायचा, "एवढी का चिडलीयेस? समुद्रात पोहायला जायचं होतं का?" ती सांगायची, कामात आहे. खरं काय ते तिला कुणालाच सांगता येत नव्हतं. बापाला वाचवण्यासाठी जे खोटं ती बोलली होती, त्याने ती त्याच्याशी पूर्वीपेक्षा घट्ट बांधली गेली होती, आणि हे त्या दोघांनाही माहीत होतं.

फेब्रुवारीत एका दुपारी ती शेडच्या छपरावरचा बर्फ ओढून काढत होती. खाली आली तेव्हा धक्क्यावर काठी आडवी पडलेली दिसली. टोकाचा बबलर बंद पडला होता आणि तो पाहायला म्हातारा एकटाच गेला होता. खांबाजवळचा बर्फ नेहमीच पातळ. वाइनो छातीपर्यंत पाण्यात होता, दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून. ओरडत नव्हता. त्याने तिला पाहिलं.

मार्लिस उभी राहिली.

तिला हलता आलं नाही असं नव्हतं. पाय शाबूत होते, डोकं शाबूत होतं. डोक्यात एक अगदी साधी गोष्ट आली होती, की आता मला काहीच करावं लागणार नाही. वाऱ्याने तिच्या हातातलं फावडं हलत होतं. म्हातारा तिच्याकडे बघत होता आणि ती काय विचार करतेय ते त्याला दिसत होतं.

मग ती धावली. धक्क्यावर पालथी पडून तिने बोटी ओढायची आकडी त्याच्या पँटच्या खांद्यावरच्या पट्ट्यांत अडकवली आणि दात-ओठ खात ओढलं. त्याला फरपटत नेताना ती बडबडत होती, शिव्या घालत होती, रडत होती. कित्येक महिन्यांत प्रथमच ती त्याच्याशी बोलत होती.

आदल्या दिवशी शनिवार, म्हणजे सॉनाच्या वाफेच्या आंघोळीचा दिवस होता, त्यामुळे सॉनाची खोली अजून कोमट होती. ओले कपडे काढून तिने त्याला घोंगड्यांत गुंडाळलं, खालच्या बाकावर बसवलं आणि स्वतः चिकटून बसली. डॉक्टरला फोन केला, पण रस्ता मोकळा व्हायला वेळ होता. हळूहळू त्याचे दात वाजायचे थांबले.

"उभी होतीस तू," वाइनो म्हणाला.

"हो."

"मी पण उभाच होतो. त्या तारेपाशी. घरात परत येईपर्यंत वाटत होतं, जाऊन लावावी पुन्हा." तो खोकला. "लावली नाही."

"मी निदान आले."

"हं. तू आलीस."

यापुढे त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. रागवायचा हक्क आता दोघांपैकी कुणाकडेच उरला नव्हता. रागात निदान श्वास घेण्याइतकी हवा तरी होती, आता तीही गेली. संध्याकाळी म्हाताऱ्याने सूप मागितलं, मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली, आणि तिने मिठाची बरणी त्याच्यासमोर आदळली. घर पूर्वीसारखं झालं.

बर्फ गेला आणि आर्लन ट्रकमध्ये एक जुनं पण धडधाकट इंजिन घालून आला. दोघांनी मिळून ते बसवलं. तो गाणी गुणगुणत होता, तिच्या गालाला लागलेलं ग्रीस दाखवून चिडवत होता. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तो टाळी द्यायला वळला तेव्हा मार्लिसने ते बंद केलं.

"तार निसटली नव्हती. माझ्या बापाने काढली. मला त्याच सकाळी कळलं होतं. त्याच्या पायांच्या खुणा मी पुसल्या."

आर्लनने हात खाली घेतला. चिंधीला बोटं पुसली, एकेक करून, सावकाश.

"म्हाताऱ्याचं समजतो मी," तो म्हणाला. "घाबरला असेल. पण सगळा हिवाळा मी तुला फोन करत होतो, मार्लिस. तुला वाईट वाटू नये म्हणून. माझं मोडलेलं बाजूला ठेवून तुझी समजूत काढत होतो मी."

"माहीत आहे."

"बोटीवर दोनच माणसं असतात. दुसरा खोटं बोलला तर विचारायला तिसरा नसतो."

तो वाईट माणूस नव्हता. त्याने क्रेनचे पट्टे बांधायला हात लावला, सँडरलिंग पाण्यात जाईपर्यंत थांबला, वाइनोशी हस्तांदोलनसुद्धा केलं. मग विस्कॉन्सिनहून एका मित्राला बोलावून घेतलं आणि त्याच्याबरोबर निघाला. दोर मार्लिसने सोडले. बोट बंदराच्या तोंडाशी जाईपर्यंत ती पाहू शकली असती, पण तेवढ्यात डिझेलच्या पंपाशी कोणीतरी भोंगा वाजवला.

तरीही त्या ऑक्टोबरात ती गेली. आर्लनशिवाय, बसने, डलुथला. वेस सामान घेऊन राहायला आला. या खेपेला म्हातारा अडवायला आला नाही. "वेसला बबलर शिकवीन मी," एवढंच म्हणाला. दवाखान्यात जुन्या लोकांनी तिला गळामिठ्या मारल्या, तात्पुरतं काम दिलं. भाड्याच्या खोलीला मोठी खिडकी होती. रविवारी ती बाजारात हिंडली, एक झाडही घेतलं.

पहिली खरी थंडी पडली त्या पहाटे तिला जाग आली. खोलीत काही आवाज नव्हता. ती बबलरच्या खळखळाटासाठी कान देऊन पडून राहिली. फोन करावा, असं तिला वाटलंच नाही. उजाडल्यावर तिने पिशवी भरली.

घरात शिरली तेव्हा स्वयंपाकघरात उबदार वास होता. वाइनो आणि वेस पत्ते खेळत होते, दोघंही एकमेकांवर मोठमोठ्याने ओरडत, कारण वेसला ऐकू येत नव्हतं. म्हाताऱ्याचे गाल जरा भरले होते. दाराजवळ वेसचे ओले बूट होते, नुकताच धक्क्यावर जाऊन आलेला.

"बबलर सगळे चालू आहेत," वेस म्हणाला. "काही विसरलीस का? न्यायला आलीस?"

"नाही," मार्लिस म्हणाली.

बापाने पत्त्यांवरून मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे आणि मग हातातल्या पिशवीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत आनंद नव्हता. ते ओले झाले आणि त्याने मान खाली घातली.

"अगं, मी नाही बोलावलं तुला," तो हळू म्हणाला.

"माहीत आहे, पा."

तिने पिशवी खाली ठेवली, खुंटीवरचे आपले जुने हातमोजे काढले आणि चढवायला लागली.