नववी खेळी

डोंबिवलीच्या शाळेत बुद्धिबळाच्या शेवटच्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागल्या आणि अमृताने आपलं नाव शोधलं. समोर विनीत, तोही पांढरी मोहरी घेऊन. बरोबरी साधली तरी जिल्ह्याच्या संघात जागा पक्की. हरली तर वर्षभराची मेहनत पाण्यात.

जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात बसून मोबाइलवर विनीतचे जुने डाव चाळू लागली. काळ्या मोहऱ्यांनी तिला एकच सुरुवात येत होती, फ्रेंच बचावाची. तिला खेळ शिकवणाऱ्या भगवान सरांनी कोपरच्या आपल्या घरी चहाचे कप बाजूला सारून तिच्याकडून ती घोटून घेतली होती. पहिल्या आठ खेळ्या ती झोपेतही खेळली असती.

विनीतचा एक डाव नेमका फ्रेंचचाच निघाला. आठही खेळ्या हुबेहूब तिच्या. नवव्या खेळीला त्याने कडेचं प्यादं दोन घरं पुढे रेटलं आणि थोड्याच वेळात काळ्या राजाची पार दैना उडवली. काळी घेऊन हरलेला कोण हा शहाणा, म्हणून तिने नाव पाहिलं. भगवान जाधव. दिवाळीनंतरची कल्याणची स्पर्धा. म्हणजे तिचे सरच. तो डाव बरोबरीत सुटला, असं सरांनी तिला सांगितलं होतं.

सर व्हरांड्यात डबा उघडून बसले होते. तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

"सर, हा तुम्ही हरलेलात?"

सरांचा घास हातातच राहिला. "हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"अगं, तुझा फ्रेंचवरचा विश्वासच उडाला असता. म्हटलं, आधी उत्तर शोधू, मग सांगू."

"मग सांगा ना आता! त्याने प्यादं रेटलं की मी काय करू?"

"नाही सापडलं." सर डब्याकडेच बघत राहिले. "रोज पट मांडतो. मोबाइलमधलं ॲप खेळी सुचवतं, पण ती का, तेच कळत नाही. जरा पुढे गेलं की मी परत अडकतो."

"दुसरं काही खेळू?"

"दुसरं मी तुला शिकवलंय कुठे?"

अमृताला रडूच कोसळणार होतं, पण तेवढ्यात घंटा झाली.

विनीतने आठ खेळ्या भराभर केल्या. मग नववीला तेच कडेचं प्यादं रेटलं आणि निवांत पाणी प्यायला उठून गेला. अमृताने दाराकडे पाहिलं. काचेपलीकडे सर उभे होते, तिच्याइतकेच घाबरलेले. उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं; ती काय करते तेच ते बघत होते. आता वाचवणारं कोणी नाही, हे तिला लख्ख कळलं. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि सरांनी काय सांगितलं असतं हे न आठवता, पहिल्यांदाच, नुसती पटाकडे बघत राहिली.