डिस्क दिसत नाही

आई गेल्यानंतर टंकलेखिकेनं आईच्याच खोलीत टेबल मांडलं. उजेड त्या खोलीत जास्त होता, आणि पलंग काढल्यावर जागाही झाली. काम घरूनच होतं. धरणाखाली गेलेल्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती ऐकायच्या आणि शब्दन् शब्द टाइप करायचा. ऑफिसनं खोकं भरून सामान पाठवलं होतं: लॅपटॉप, माउस, कीबोर्ड, हेडफोन, आवाज पुढे-मागे करायचं पायाचं पेडल आणि मुलाखती भरलेली डिस्क. लॅपटॉपला यूएसबीची भोकं मोजून दोन. एकात माउस, दुसऱ्यात एकाची चार भोकं करणारा हब. बाकी सगळी वरात त्या हबवर.

पहिल्याच दिवशी एक आजीबाई आपल्या अंगणाबद्दल सांगत असताना डिस्क टक् टक् वाजली आणि आवाज बंद. पडद्यावर डिस्क दिसेना. वायर काढून घातली की दिसायची, दहा मिनिटांनी पुन्हा गायब. वैतागून तिनं ऑफिसच्या मदतकक्षाला फोन लावला.

तिकडचा माणूस शांतपणे बोलणारा निघाला. "ताई, हबवर काय काय लावलंय?"

तिनं यादी वाचली.

"मग डिस्कचा दोष नाही. या हबला स्वतःची वीज नसते. लॅपटॉप एका भोकातून देईल तेवढीच हा चौघांत वाटणार. डिस्क आत गरगर फिरत असते, तिची भूक मोठी. पोट भरलं नाही की मान टाकते."

"म्हणजे एका ताटावर चौघं बसलेत."

तो खळखळून हसला. कुणाला आपल्या बोलण्यावर हसू येऊन किती महिने झाले, ते तिला आठवेना.

"डिस्क थेट लॅपटॉपला लावा, माउस हबवर घ्या," तो म्हणाला. "नाहीच जमलं तर वेगळा अडॅप्टर असलेला हब मागवू. उद्या कळवा."

तिनं अदलाबदल केली. डिस्क दिवसभर बिनतक्रार फिरली. संध्याकाळी काम आटपून तिनं हेडफोन काढले, तेव्हा घर इतकं गप्प होतं की फ्रिजची घरघर तिला दुसऱ्या खोलीतून ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी अकराला तिनं फोन केला तो "चाललं" एवढं सांगायलाच. पण तिनं तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "बोला ताई, आज काय म्हणतेय आपली डिस्क?"

"तेच," ती म्हणाली. "परत गेली."

शब्द तोंडातून निघून गेले होते. खोटं पडायला नको म्हणून तिनं घाईघाईनं डिस्क पुन्हा हबवर लावली.

मग तो पायंडाच पडला. काम करताना डिस्क थेट लॅपटॉपला, आणि अकराला पाच कमी असताना ती निमूट हबवर. तो वायर बदलायला सांगायचा, पेडल काढून बघायला सांगायचा, आणि मध्येच तिला सर्दी झालीय का ते विचारायचा. तळघरातल्या आपल्या खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागतो, असं एकदा त्यानं सांगितलं. नवा हब भांडारातून निघत नव्हता, म्हणून तो तिची माफी मागायचा. हब न आलेलाच बरा, असं तिला वाटायचं, आणि असं वाटल्याची लाजही वाटायची.

दहाव्या दिवशी एका नावाड्याची मुलाखत चालू होती. अकरा वाजत आले तशी तिनं ती थांबवली आणि डिस्क हबवर लावून मुलाखत पुन्हा सुरू केली. नावाडी म्हणत होता, "शेवटच्या फेरीला नावेत माणूस नव्हतं, नुसती दारं होती, लोकांनी उखडून आणलेली—" आणि टक् टक्. या वेळी वायर काढून घातली तरी काही होईना. डिस्क थेट लॅपटॉपला लावली तर दिसली, पण नावाड्याची फाइल उघडेना.

फोन लावून तिनं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे पहिल्याच दिवशी सुटलं होतं?"

"हो."

"मी तुमच्या हबसाठी भांडारवाल्यांशी भांडत होतो, ताई. रोज."

"माहीत आहे."

"मग का केलंत?"

"दिवसभर हेडफोनमध्ये माणसं बोलतात," ती म्हणाली. "पण माझ्याशी कुणी बोलत नाही."

"डिस्क पाठवून द्या," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

चार दिवसांनी बातमी आली. बाकी सगळं वाचलं होतं. नावाड्याची शेवटची अकरा मिनिटं तेवढी गेली. मूळ ध्वनिमुद्रण पुसलेलं होतं आणि नावाडी स्वतः दोन महिन्यांपूर्वी वारला होता. ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंनी तिला खडे बोल सुनावले, पण काम काढून घेतलं नाही. टाइप करायला घेण्याआधी तिनं ती मुलाखत एकदा सलग ऐकली होती, त्यामुळे ती अकरा मिनिटं थोडीफार आठवतही होती. तरी तिनं आपल्या पदरचा एक शब्द घातला नाही. मजकुराच्या शेवटी लिहिलं, 'यापुढचा भाग टंकलेखिकेच्या चुकीमुळे नष्ट झाला.' बाईंनी ते वाक्य खोडायला सांगितलं, तेव्हा तिनं नकार दिला.

डिस्कसोबत नवा हबही आला, स्वतःचा अडॅप्टर असलेला. जोडायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

अकराला तिनं फोन लावला. "हब जोडला. डिस्क दिसतेय. बिघाड काही नाही."

"मग फोन कशाला?"

"माफी मागायला."

"मागितलीत. आणि अकराला करत जाऊ नका, लाइन तुंबलेली असते." मग आवाज उतरवून म्हणाला, "दीडला मी जेवायला बसतो."

दुसऱ्या दिवशी दीडला तिनं फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. शुक्रवारी मात्र लावला. तो घास चावत बोलत होता, डबा सकाळी स्वतःच भरतो म्हणाला, भात नेहमी चिकट होतो म्हणाला. पाणी कमी घाला, असं तिनं सांगितलं. जेमतेम सात मिनिटं झाली असतील. मग त्याची सुट्टी संपली, खोली पुन्हा चिडीचूप झाली, आणि तिनं हेडफोन चढवून पुढच्या मुलाखतीला सुरुवात केली.